दोन झाकणांची गाडी

अमरावतीहून निघालो त्या सकाळी आमच्या गल्लीतली मंडळी फाटकापाशी जमली होती. निरोप द्यायला आली आहेत, असं मी समजत होतो. धक्का द्यायला आली आहेत, हे नंतर कळलं. गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली आणि सगळे जरा हिरमुसले.

गाडी म्हणजे मोटरहोम, चाकांवरचं घर. पूर्वी ती शाळेतली मुलं वाहायची, मग एका दवाखान्याचे रोगी वाहू लागली. पुढे तिवसा गावच्या एका हौशी गृहस्थाने तिच्यात पलंग, ओटा, नळ आणि फुलाफुलांचे पडदे बसवले आणि ती मला विकली. पलंगावर आडवं झालं की पाय ओट्याखाली जातात, ओट्याशी उभं राहिलं की डोकं छताला लागतं. पण घर म्हटलं की असं थोडंफार चालायचंच.

"डिझेलच्या काट्याकडं पाहूच नका साहेब, थो मेलेला हाये," विकताना तो म्हणाला होता. "पण टाकी सत्तर लिटरची हाये. फुल करून देऊन राहिलो."

मी पाणीपुरवठ्याच्या नोकरीतून निवृत्त झालो आहे. गावोगावच्या टाक्यांची मापं काढण्यात माझी उमर गेली. त्यामुळे ही एक टाकी मोजून बघावी असं मला अजिबात वाटलं नाही.

बायकोला, म्हणजे सुनंदाला, गाडी मुळीच पसंत नव्हती. दारातली तुळस गाडीमुळे उन्हाला मुकली, हा तिचा पहिला आरोप. बाकीचे आरोप लांबलचक आहेत. शेवटी तिने निकाल दिला. तिची धाकटी बहीण कुंदा हिवरखेडला राहते. "कुंदाच्या दारात ही आपल्या पायानं जाऊन उभी राहिली तर ठेवा. कोणी ओढत नेली, तर तिथंच सोडायची अन् बसनं परत यायचं."

कुंदाचे यजमान वसंतराव, माझे साडभाऊ (साडू), यांना ही अट फोनवर कळली आणि त्यांना फार आनंद झाला. त्यांच्या हरभऱ्यात रानडुकरं शिरतात. "आणा भाऊ, आणा," ते म्हणाले, "जागलीले (रात्रीच्या राखणीला) एक खोली पाह्यजेच होती मले."

तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी मी ईर्ष्येने गाडीला क्रीम रंग दिला. थोडा रंग उरला. गाडीच्या मागच्या अंगाला दोन झाकणं होती, एक निळं, एक काळं. ती अगदीच विजोड दिसत होती. उरलेला रंग मी त्यांना लावला. काम देखणं झालं होतं, हे आजही म्हणेन.

"दर्यापूरहून जवळ पडते," सुनंदा म्हणाली. मी अकोल्याचा रस्ता धरला, कारण हमरस्त्यावरून गाडी जास्त लोकांना दिसते.

बरोबर गिला वडा (दह्यात भिजवलेला अमरावतीचा वडा) बांधून घेतला होता. बडनेऱ्याच्या आसपास मी पहिला जोराचा ब्रेक मारला आणि वडा सीटवर आला. मूर्तिजापूरला थांबून सुनंदाने सीट धुतली, डबे धुतले, माझा सदरा धुतला. ओट्याखाली पायाने दाबायचा पंप आहे, तो दाबला की नळाला पाणी येतं. घरून भरलेलं पाणी तिने जवळजवळ अर्धं संपवलं. प्यायच्या पाण्याची कॅन तिने वेगळी घेतली होती. गाडीतल्या टाकीवर तिचा विश्वास नव्हता. मलाही तिने कॅनला हात लावू दिला नाही.

अकोल्याला पोचलो तेव्हा फेब्रुवारी असूनही ऊन मानेवर बसलं होतं. गाव ओलांडताना पेट्रोल पंप दिसला. डिझेल मला लागणार नव्हतं, पण टाकी भरलेली असली की मन भरलेलं राहतं. पंपावरची मुलगी गाडीच्या मागे गेली आणि तशीच परत आली.

"काका, कोणतं झाकण?"

मी खाली उतरून दोन्ही झाकणांकडे पाहिलं. दोन्ही क्रीम. दोन्ही सुंदर.

"डावं," मी म्हणालो.

"पक्कं ना?"

"बाई, गाडी माझी आहे."

तिने नळी डाव्या तोंडात घातली. वीस लिटरच्या थोडं पुढे जाऊन डिझेल गळ्याशी आलं. मी मनात हिशोब मांडला. तिवशाहून घरी आणली, घरून इथवर आणली आणि प्यायली फक्त वीस लिटर. सत्तरातले पन्नास शिल्लकच होते. मी सुनंदाला सांगितलं, अशा गाडीनं आपण काश्मीरला जाऊ शकतो.

"काश्मीरात आपलं कोण आहे?" ती म्हणाली.

अकोल्याहून अकोटकडे निघालं की पूर्णेकाठचा खारपाणपट्टा लागतो. काळीभोर सपाट जमीन, दोन्ही हातांना हरभरा, मधे मधे उपटून रचलेल्या पऱ्हाटीचे (कपाशीच्या वाळक्या झाडांचे) ढीग. पाहायला सगळं सुपीक. पण विहीर खणली तर पाणी खारट. त्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि पाहुण्याला चहा देताना माणूस संकोचतो. अशा मुलखात आपल्या नळाचं गोड पाणी घेऊन फिरणारा मी एकटाच, या विचाराने मला राहवेना. चोहोट्टा बाजाराच्या पुढे एका बाभळीखाली गाडी थांबवली आणि नळाच्या पाण्याचा चहा स्वतः केला.

सुनंदाने एक घोट घेतला. "चहाला कसला वास येतो?"

"चहापत्ती नवीन आहे," मी म्हणालो आणि माझा कप संपवला. नंतर तिचाही संपवला. अभिमानाला वास नसतो.

तिथून थोडं पुढे गेलो आणि गाडीने दोन आचके दिले, एक लांब सुस्कारा सोडला आणि ती उभी राहिली. मी किल्ली फिरवली. पुन्हा फिरवली. आतून कोणी तरी घसा खाकरल्यासारखा आवाज येत राहिला.

मागून पऱ्हाटीची ट्रॉली ओढत एक ट्रॅक्टर आला. चालवणाऱ्याचं नाव देविदास. तो उतरला, त्याने गाडीला एक प्रदक्षिणा घातली.

"डिझेल संपलं असंन."

"आत्ताच फुल केली आहे."

"मंग काहून बंद पडली?"

मी तिवशाला फोन लावला. विकणाऱ्या गृहस्थाने सगळं शांतपणे ऐकलं.

"टाकी सत्तरचीच हाये ना?" मी विचारलं.

"हाये ना. चाळीस पाण्याची, तीस डिझेलची. सत्तर नाई झाले काय?"

"तुम्ही सांगितलं नाही, दोन टाक्या आहेत म्हणून!"

"तुमी इच्यारलं नाई. नियं (निळं) झाकण पाण्याचं, काळं डिझेलचं. आंधळ्याले समजते बाप्पा."

मी फोन ठेवला. काळं आणि निळं यांतलं डावं कोणतं होतं, ते मला काही केल्या आठवेना. आठवत होता फक्त रंगाचा डबा.

"साहेब, इचार कायले करता?" देविदासने ट्रॉलीतून साखळी काढली. "हिवरखेडलेच जाऊन राहिलो मी. नेतो ओढत. दिवस मावळाच्या आत पोचवतो."

साखळी खळकन गाडीच्या पुढच्या आकड्यात अडकली. मी म्हटलं, ओढू नका. तो म्हणाला, काहून? मी म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे. त्याने तत्त्वाकडे एकदा पाहिलं आणि साखळीचं दुसरं टोक ट्रॉलीला अडकवायला निघाला. मला डोळ्यांसमोर हरभऱ्यात उभी असलेली माझी गाडी दिसली. खिडकीत फुलाफुलांचा पडदा, पडद्यामागे वसंतराव, हातात डुकरांसाठी काठी.

सुनंदा एवढा वेळ आत होती. नुसती गप्प बसली असती तरी जिंकली असती. ती काचेचा पेला घेऊन खाली उतरली. पेल्यात तळाला पाणी होतं आणि वर पिवळट थर तरंगत होता.

"साखळी काढा, दादा," ती देविदासला म्हणाली. "डिझेल आहे गाडीत. स्वयंपाकघरात आहे."

देविदासने पेला नाकाशी नेला. मग माझ्याकडे पाहिलं. एवढा वेळ कोणी माझ्याकडे पाहिलेलं मला आवडत नाही.

युक्ती सुनंदाचीच. तेल वर राहतं, पाणी खाली. नळ टाकीच्या तळातून पाणी घेतो. म्हणजे आधी सगळं पाणी सोडायचं, मग नळाला डिझेल येईल. मी पंपावर पाय ठेवला आणि दाबू लागलो. गाडीखालच्या नळीतून पाणी रस्त्यावर वाहू लागलं. तेवढ्यात शेजारच्या हरभऱ्यातून एक म्हातारी विळा घेऊन धावत आली.

"अवं थांबा! कुठचं पाणी हाये?"

"अमरावतीचं," मी म्हणालो.

"गोडं?"

"गोडं."

"मंग रस्त्यावर काहून सोडून राहिला रे? इथं आमी टँकरच्या मांगं पळतो!" तिने ओंजळ धरली, नाकाशी नेली आणि झटकून टाकली. "माय वो! बकरी नाई पेणार हे. डिझेल तं पंपावर भेटते, बाप्पा. गोडं पाणी कोण्या पंपावर भेटते?"

त्या दिवशी लोक अवघड प्रश्नच विचारत होते. सुनंदाने आतून आपली कॅन आणली आणि बांधावर ठेवलेली म्हातारीची कळशी भरून दिली. म्हातारीने दोन घोट घेतले, तोंड पुसलं आणि बांधावर बसून पुढचा सगळा कार्यक्रम पाहिला. तिच्या गावात करमणुकीची फार साधनं नसावीत.

नळाला डिझेल लागलं. मी पाय मारत होतो. सुनंदा कुंदासाठी नेत असलेला नवा गंज (उभट पातेलं) नळाखाली धरत होती. वसंतरावांसाठी आहेराची टॉवेल-टोपी घेतली होती, त्यातला टॉवेल गाळण्याच्या कामी आला. देविदास उजव्या झाकणात बाटली कापून केलेलं नरसाळं धरून होता.

"कवापासून चालवून राहिले साहेब गाडी?" त्याने सुनंदाला विचारलं.

"आजचा दुसरा दिवस."

"तरीच."

तीन गंज ओतून झाल्यावर टाकीच्या तोंडातून वाकून पाहिलं, तर वर एका गंजाची जागा उरली होती. टाकीचं माप शेवटी असं निघालं. नंतर देविदासने इंजिनातला एक नट सैल केला. टाकी कोरडी पडली की नळ्यांत हवा शिरते, ती काढावी लागते. फसफस थांबली, त्याने नट आवळला. मी किल्ली फिरवली. गाडी खोकली, पांढरा धूर सोडला आणि सुरू झाली. बांधावरची म्हातारी उठून उभी राहिली. "चालली व!" ती म्हणाली, आणि तिचा आवाज मला माझ्या निरोप समारंभातल्या सगळ्या भाषणांपेक्षा मनापासूनचा वाटला.

अकोट मागे पडलं. उत्तरेला सातपुडा निळसर दिसू लागला. पूर्ण रस्ताभर मी काट्याकडे पाहत होतो. मेलेल्या काट्याकडे पाहण्यातही आधार असतो.

हिवरखेडला वसंतराव शेताच्या वाटेवरच उभे होते. त्यांच्या मागे हरभऱ्याच्या कडेला विटांचे चार चौथरे रचलेले होते, गाडीच्या चाकांच्या अंतराने. वर सावलीला पऱ्हाटीचा मांडवही घातला होता. माणूस आशावादी होता.

गाडी येऊन आपल्या पायांवर उभी राहिली. त्यांनी पुढे वाकून आकडा पाहिला, साखळीचा ओरखडा पाहिला, हवेत दोनदा नाक हुंगलं.

"भाऊ, वाटेत बंद पडली होती ना?"

मी तोंड उघडलं. माझ्या तोंडाचा काही भरवसा नाही, हे सुनंदा जाणून आहे.

"चहाला थांबलो होतो," ती म्हणाली. "वसंतभाऊ, थ्या विटा उचला."

कुंदा पदर तोंडाला लावून आत गेली. वसंतरावांनी विटांकडे पाहिलं, मग आहेराची टोपी घेतली. "अन् टॉवेल?"

"यंदा नुसती टोपी."

संध्याकाळी शेतात गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे (कणकेचे जाड गोळे) तुपात बुडवून खाल्ले, बरोबर वांग्याची भाजी. गाडी मांडवाखाली उभी होती आणि वसंतराव तिच्याकडे पाहत खात होते. रात्री जागलीला आम्ही दोघं साडभाऊ गाडीतच झोपलो. डुकरं फिरकली नाहीत. वसंतरावांच्या मते वासामुळे.

परतताना अकोल्याचा तोच पंप आणि तीच मुलगी. "काका, कोणतं झाकण?"

मी सुनंदाकडे पाहिलं. सुनंदा खाली उतरली. हिवरखेडला तिने उजव्या झाकणावर आपली मरून रंगाची टिकली चिकटवली होती. "टिकलीवालं."

"किती मावते?"

"चार गंज," सुनंदा म्हणाली. मुलीने मान डोलावली आणि नळी लावली. मला वाटतं, तिला ते समजलं.

आजवर मी टाक्या बाहेरून मोजल्या. उंची, व्यास, गुणाकार. आत काय आहे हे विचारायची वेळ कधी आली नाही. ती अर्ध्या रस्त्यात आली आणि माझ्या बाजूने उभं राहायला नेमकी तीच व्यक्ती निघाली जिला गाडी नको होती. अजूनही नकोच आहे. पण तुळशीची कुंडी तिने स्वतःच उन्हात सरकवली.

आम्ही परतलो तेव्हा गल्लीतली मंडळी पुन्हा फाटकापाशी होती. पाण्याची टाकी मी हिवरखेडला सोड्याने, साबणाने, लिंबाने कितीदा तरी धुतली होती. त्यामुळे सगळ्यांना गाडीत बोलावून नळाच्या पाण्याचा चहा दिला. समोरच्या देशमुखकाकांनी घोट घेतला आणि कप लांब धरला.

"वहिनी, चहाले कसला वास येऊन राहिला?"

सुनंदाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"चहापत्ती नवीन आहे," ती म्हणाली.