उत्तरेकडे काही नाही

समुद्राच्या तळाखाली तेल कुठे असेल याचे नकाशे वाचणं हे माझं काम. ऑफिस ठाण्यात. संरक्षण खात्यामुळे वर्षानुवर्षं बंद असलेला समुद्राचा एक पट्टा सरकारने शोधासाठी खुला केला आणि आमची कंपनी बोली लावायच्या तयारीला लागली. तेव्हापासून आमचे मोबाइल दारातच जमा व्हायला लागले. घरीही काही बोलायचं नाही, अशी तंबी मिळाली.

नेमके त्याच सुमारास भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, दर रविवारी डोंबिवलीहून यायला लागले. एरवी भाऊबीजेलाही ताईला एकटीला पाठवणारा हा माणूस. आता हातात जिलबी, आणि चहा येतो न येतो तोच प्रश्न, "काय गं, तेल कुठे निघेलसं वाटतंय?"

"तुम्हाला कशाला हवंय, भावोजी?"

"असंच. जनरल नॉलेज."

यांना कोणीतरी पाठवतंय, असं माझ्या मनाने घेतलं. ताईचा फोन आला तरी मी जपून बोलायला लागले. शेवटी एका रविवारी पुडी सोडून दिली, "उत्तरेकडे काही नाही म्हणतात." खरं तर उत्तरेचे नकाशे मी पाहिलेच नव्हते.

थोड्याच दिवसांत ऑफिसखालच्या टपरीवर दुसऱ्या कंपनीतला एक ओळखीचा भेटला. "उत्तर कोरडी आहे म्हणे?" चहा अर्धाच टाकून मी वर आले.

संध्याकाळी तडक डोंबिवली गाठली. भावोजी शांतपणे म्हणाले, "माझे मामेभाऊ डहाणूकडे मासेमारी करतात. समुद्रात प्लॅटफॉर्म उभा राहिला की आसपास जाळं टाकू देत नाहीत. ते काळजीत होते, म्हणून सांगितलं. त्यांनी गावभर केलं असेल."

"मग मला सरळ विचारायचं ना!"

"सांगितलं असतंस?"

नसतंच सांगितलं. "ते खोटं होतं," मी म्हटलं. "भावांना कळवा."

ताई माझ्याकडे बघतच राहिली. "घरच्या माणसांना सापळे लावतेस?"

भावोजी मात्र पुढे झुकले. "मग खरं काय आहे?"

मी चपला घातल्या आणि निघाले. दुसऱ्या दिवशी साहेबांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी मला त्या कामावरून काढलं. ताई हल्ली मोजकंच बोलते. ती म्हणते, मी माणसं ओळखायला शिकायला हवं. असेलही. पण तिच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, ते मामेभाऊ एकाही कार्याला आलेले मला आठवत नाहीत.