दहावं नाव

अर्डेल बील नऊ वर्षांची असताना मासळीच्या टेबलापाशी पहिल्यांदा उभी राहिली, तेव्हा तिची हनुवटी जेमतेम टेबलाच्या काठाला लागत होती. आईनं तिच्या पायांखाली एक लाकडी खोकं सरकवलं, हातात कात्री दिली आणि म्हणाली, "डोकं कापायचं, शेपूट कापायचं, उरलेलं डब्यात. आणि स्वतःची बोटं डब्यात घालू नकोस." त्याला त्रेपन्न वर्षं झाली. खोकं कधीच गेलं, नवरा गेला, मूलबाळ झालं नाही. कात्री मात्र हातात राहिली.

अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावरच्या हॅरो कोव्ह गावात बायकांचा दिवस भोंग्यावर चालायचा. हेरिंग मासळीनं भरलेल्या होड्या धक्क्याला लागल्या की कारखान्याचा भोंगा वाजायचा, आणि बायका चुलीवरचं चुलीवर टाकून, बोटांना पांढरी चिकटपट्टी गुंडाळत उतारावरून खाली पळायच्या. जितके डबे भराल तितके पैसे. अर्डेलचा हात असा चालायचा, की नव्या पोरी स्वतःचं काम थांबवून बघत राहायच्या आणि मग मुकादमाच्या शिव्या खायच्या.

तिच्या आईचाही हात असाच होता. पण साठीला पोचेपर्यंत थंड पाण्यानं बोटांचे सांधे असे आखडले, की कात्री उघडली तर मिटेना. होडीवाला बाप त्याआधीच वारला होता. आईची रवानगी गावानं चालवलेल्या निराधारघरात झाली. दर मार्चला गावसभा भरायची, आणि गावाच्या पैशावर कोण कोण जगतं त्यांची नावं छापून घरोघर वाटली जायची. म्हातारीनं ते पत्रक एकदा पाहिलं आणि त्यानंतर खिडकीचा पडदा कधी उघडला नाही. १९३४ च्या हिवाळ्यात, बासष्टाव्या वर्षी, ती गेली. अर्डेल तेव्हा वीस वर्षांची होती.

पुढच्याच वर्षी कारखान्याचा मालक, म्हातारा हॅस्केल, हातात वर्तमानपत्र घेऊन तणतणत टेबलांमधून फिरला. म्हाताऱ्यांना पेन्शन द्यायचा कायदा झाला होता आणि त्याचा भार आपल्यावर येणार, या कल्पनेनंच त्याचं पित्त खवळलं होतं. "ती वॉशिंग्टनमधली बाई! मजूरमंत्री म्हणे! घरी बसून मोजे विणायचे सोडून देश बुडवायला निघाली आहे!" अर्डेलनं ते नाव तेव्हा पहिल्यांदा ऐकलं, फ्रान्सिस पर्किन्स. तिनं मनाशी म्हटलं, हा माणूस जिला इतक्या शिव्या देतो, ती बाई आपल्या कामाची असणार. तेव्हापासून त्या बाईबद्दल छापून आलेलं प्रत्येक कात्रण ती पिठाच्या रिकाम्या डब्यात ठेवू लागली.

१९७६ साली देशाला दोनशे वर्षं झाली. चार जुलैच्या मिरवणुकीत सर्वांत थोर अशा दहा अमेरिकनांची मोठी चित्रं ट्रकवर लावून मिरवायची, असं गावानं ठरवलं. कोणीही नाव सुचवावं, बाजू मांडावी, आणि गावानं हात वर करून मत द्यावं. समितीचा प्रमुख होता म्हाताऱ्याचा मुलगा, मेरिल हॅस्केल. आता कारखाना त्याचा होता.

महिनाभर लायमनच्या दुकानात दुसरा विषय नव्हता. वॉशिंग्टन आणि लिंकन यांच्याबद्दल वाद नव्हता, पण पुढं गाडी अडायची. लायमन स्वतः बेसबॉलचा वेडा. त्याचा हट्ट एकच, बेब रूथ. अर्डेलचा, पर्किन्स.

"पर्किन्स? बाई गं, तिला ओळखतं तरी कोण?" तो कॉफी ओतता ओतता म्हणाला.

"तुझ्या बेब रूथला सगळं जग ओळखतं, कबूल," अर्डेल म्हणाली. "सातशे चौदा वेळा त्यानं चेंडू कुंपणापलीकडं मारला. त्यातला एक तरी माझ्या आईच्या ताटात पडला का?"

दुकानात हशा पिकला. लायमनही हसला, पण रूथला सोडायला तयार झाला नाही.

सभा शनिवारी दुपारी शेतकरी मंडळाच्या हॉलमध्ये, भाजलेल्या घेवड्याच्या पंगतीनंतर झाली. पोटं भरलेली असल्यामुळं पहिली नऊ नावं भराभर पार पडली. दहाव्या जागेला तीन नावं उरली. मेरिलनं हेन्री फोर्डचं नाव मांडलं आणि म्हणाला, "या माणसानं गरिबाला मोटार दिली."

"दिली नाही, विकली," अर्डेल बसल्या जागेवरून म्हणाली.

"अर्डेल, तुमची पाळी आली की बोला."

"मग आली असं समज." ती उठली. मेरिल लंगोटात असल्यापासून तिनं त्याला पाहिलं होतं, त्यामुळं अहोजाहो करायचा प्रश्नच नव्हता. तिनं कात्रणं पुढ्यात ठेवली, पण त्यांच्याकडं पाहिलं नाही. "१९११ साली न्यूयॉर्कमध्ये कपड्याच्या एका कारखान्याला आग लागली. पोरींनी बाहेर पळू नये म्हणून दाराला कुलूप होतं. एकशे सेहेचाळीस जीव गेले. पोरी वरच्या खिडक्यांतून उड्या टाकत होत्या, तेव्हा ही बाई खाली रस्त्यात उभी होती. पाहणारे पुष्कळ होते. बाकीचे रडले आणि घरी गेले. ही घरी गेली नाही. बावीस वर्षांनी मंत्री झाली आणि कामाला लागली. म्हातारपणी भीक मागायला लागू नये, याचा कायदा केला. लहान पोरांना यंत्रापासून दूर ठेवायचा कायदा केला. तिचं वडिलोपार्जित घर आपल्याच मेनमध्ये, न्यूकॅसलला आहे, आणि या हॉलमधल्या निम्म्या लोकांना तिचं नाव माहीत नाही. लाज तिला नाही, आपल्याला वाटली पाहिजे."

मेरिल शांतपणे हसला. तो तयारी करून आला होता. "छान बोललात. पण एक गोष्ट राहिली. अडतीस सालचा तो किमान मजुरीचा कायदा, त्यातून मासळीचे कारखाने वगळले होते. तुमच्या या थोर बाईनं तुम्हालाच बाहेर ठेवलं, अर्डेल. अकरा वर्षं!"

गोष्ट खरी होती. अर्डेललाही ती ठाऊक होती. त्या अकरा वर्षांतला एकेक हिवाळा तिच्या बोटांत होता.

"खरं आहे," ती म्हणाली. "वगळलं होतं. का वगळलं, ते तुझ्या बापाला विचारायला हवं होतं. तो आणि त्याच्यासारखे शंभर जण वॉशिंग्टनला खेटे घालत होते. तिनं दार उघडलं, तुम्ही ते आमच्या नाकावर लावून घेतलं. तरी किल्ली तिनंच घडवली होती, म्हणून एकोणपन्नास साली ते परत उघडता आलं. मला संत नकोय, मेरिल. संत चर्चमध्ये पुष्कळ आहेत. मला काम करणारी बाई हवी आहे, अर्धं काम झालं तरी."

मतं झाली. फोर्डला सत्तेचाळीस, पर्किन्सला एकतीस, बेब रूथला बारा. अर्डेलनं हात मोजले नाहीत, चेहरे पाहिले. तीस वर्षं तिच्या शेजारी उभी राहून डबे भरणारी मर्टल क्राउली दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती.

सोमवारी टेबलापाशी अर्डेलनं विचारलं, "हात लुळा पडला होता का गं?"

मर्टलनं कात्री थांबवली नाही. "माझा पोरगा वॉल्टर मेरिलच्या होडीवर आहे. मेरिल समोर उभा राहून कोण हात वर करतंय ते बघत होता. तुझं बरं आहे, अर्डेल. तुझ्यामागं आहे कोण?"

ते वर्मी लागलं. संध्याकाळी घरी जाताना अर्डेलनं होड्या रंगवायचा निळा रंग विकत घेतला. पलंगावरची चादर काढून जमिनीवर पसरली, आणि गुडघ्यांवर बसून ढोबळ अक्षरांत लिहिलं: फ्रान्सिस पर्किन्स. मग जरा विचार करून खाली आणखी एक ओळ घातली: मतं एकतीस.

चार जुलैच्या सकाळी धुकं धक्क्यापर्यंत उतरलं होतं. दहा चित्रांचा ट्रक पुढं, मागं आगीचा बंब, त्यामागं बँड. बंब आणि बँड यांच्या मधे, चादरीची दोन टोकं दोन मुठींत धरून अर्डेल उभी राहिली. मेरिल धावत आला.

"हे चालणार नाही. यादीत नसलेलं नाव मिरवणुकीत येणार नाही. गावानं मत दिलंय!"

"दिलंय ना. मी खोटं लिहिलंय का? एकतीस म्हणजे एकतीस. तुमचा ट्रक तुमचा, तुमची चित्रं तुमची. रस्ता गावाचा आहे आणि मी गावातली आहे. मला उचलून बाजूला करायचं असेल तर कर, बँडसमोर कर."

बँडवाले वाट बघत होते. मेरिल लालबुंद होऊन ट्रककडं परतला.

मिरवणूक निघाली. खाडीवरून वारा सुटला आणि चादर सारखी दुमडून तिच्या तोंडावर येऊ लागली. फूटपाथवरून कोणीतरी ओरडलं, "कोण गं ही पर्किन्स?" अर्डेलनं चालता चालता ओरडून सांगितलं. दहा पावलांवर दुसऱ्यानं तेच विचारलं, तिनं परत सांगितलं. चर्चपाशी पोचेपर्यंत तिचा आवाज बसला. तिथं गर्दीतून मर्टल बाहेर आली. तिनं चादरीचं एक टोक धरलं आणि ताणलं. आता नाव नीट वाचता येत होतं.

"वॉल्टरचं काय?" अर्डेलनं पुटपुटत विचारलं.

"वॉल्टरला पोहता येतं," मर्टल म्हणाली. "तू ओरड. तुझा आवाज गेला की मी ओरडते."

दुकानाच्या पायरीवरून लायमन टोपी हलवत होता. "अर्डेल! बत्तीस कर! मी माझं मत बदलतो!"

"मतदान संपलं!" ती घोगऱ्या आवाजात ओरडली. "आणखी दोनशे वर्षांनी ये!"

मेरिलनं कोणाला कामावरून काढलं नाही. गाव बघत होतं. पण पुढच्या भोंग्याला दोघींना शेवटच्या टेबलावर धाडलं, दाराजवळच्या. तिथं वारा थेट पाठीत घुसायचा आणि पुढ्यात यायची ती चुरगळलेली, बारीक मासळी, जिचा डबा भरता भरत नाही. वॉल्टरची होडीही बदलली. त्याला जुनी, गळकी मिळाली.

"बासष्ट झालीत तुला," मर्टल म्हणाली. "पेन्शन घे आणि घरी बस. तुझ्याच बाईनं ठेवलंय ते."

"घेईन की. हात सांगतील तेव्हा घेईन. मेरिल सांगेल तेव्हा नाही."

हातांनी आणखी दोन वर्षं काही सांगितलं नाही. त्या दोन वर्षांत शेवटचं टेबल कारखान्यातलं सर्वांत बोलकं टेबल झालं, कारण मिरवणुकीनंतर बायकांना वादाची चटकच लागली होती. कोणी म्हणे गुलामांना पळवून स्वातंत्र्यात नेणारी हॅरिएट टबमन पहिली हवी होती, ट्रकवर तिला जागाच दिली नाही. कोणी म्हणे पोलिओची लस काढणारा डॉक्टर, माझा भाऊ जन्मभर लंगडला म्हणून मी सांगते. एका तरुण पोरीनं चंद्रावर गेलेल्या माणसाचं नाव काढलं, तर अर्डेलनं तिला फाडूनच खाल्लं.

"चंद्रावर जाऊन त्यानं आणलं काय? दगड!"

"तुमचं आपलं सगळं ताटाशीच येऊन थांबतं, अर्डेल," पोरगी तणतणली. "माणसानं वर बघूच नये का?"

अर्डेलनं हातातली मासळी खाली ठेवली. पोरगी उलट बोलली, हे तिला मनापासून आवडलं होतं, पण ते सांगणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"बघावं," ती म्हणाली. "आता उभी राहून नीट सांग, का बघावं ते. मर्टल, तू मधे बोलू नकोस."