जनरलसाहेबांचे चाहते

अमेरिकेतल्या कॅरी गावच्या मराठी मंडळात प्रताप दळवींना सगळे ‘जनरलकाका’ म्हणायचे. माणूस मूळचा साताऱ्याचा. पहिली नोकरी पुण्याच्या एका जर्मन कंपनीत लागली, तिथे जर्मन शिकले. पुढची सगळी हयात अमेरिकेत गिअरबॉक्स डिझाइन करण्यात गेली. रिटायर झाल्यावर लोक गोल्फ धरतात, काकांनी फॉन ट्राउटेन धरला.

हा दुसऱ्या महायुद्धातला रणगाड्यांचा जर्मन जनरल. महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी पब्लिक लायब्ररीच्या छोट्या खोलीत काका त्याच्या लढायांवर बोलत. ऐकायला आठ-दहा पेन्शनर. पहिल्या महायुद्धात पायात गोळी खाल्लेला कोवळा लेफ्टनंट, फ्रान्समध्ये नद्यांमागून नद्या ओलांडत धावलेले त्याचे रणगाडे, रशियाच्या बर्फात वेढ्यात सापडलेली डिव्हिजन त्याने सहीसलामत कशी बाहेर काढली, शेवटी अमेरिकनांपुढे शरणागती, काही वर्षं कैद, आणि म्हातारपणी घरच्या अंथरुणात मरण. काका नकाशावर बाण काढत रंगून सांगायचे. मधला एक हिवाळा मात्र गाळायचे. त्या हिवाळ्यात जनरलच्या हुकमाने आघाडीमागची काही गावं माणसांसकट जाळली होती. काकांनी ते वाचलं होतं. “तो काही लढाईचा भाग नाही,” असं ते स्वतःला सांगत.

मार्चमधल्या भाषणाला मागच्या रांगेत चार गोरे तरुण येऊन बसले. केस बारीक कापलेले, जाकिटं एकसारखी. भाषण संपल्यावर त्यांच्यातला उंच पुढे आला आणि त्याने काकांचा हात हातात घेतला.

“सर, शाळेत हे कोणी शिकवत नाही. देश कुणाचा असतो, ते जनरलला कळलं होतं.”

त्याने बाही वर केली. दंडावर जनरलच्या डिव्हिजनचं चिन्ह गोंदलेलं. तो हात सोडेना.

“तुम्ही बाकीच्या तुमच्या लोकांसारखे नाही. आमच्या मीटिंगला या. तळ्याकाठचं ते विटांचं घर तुमचंच ना? छान आहे.”

काकांनी त्याला घर कधी सांगितलं नव्हतं.

बायकोला, कांचनला, ते काही बोलले नाहीत. पण दार लावून झाल्यावर परत कडी ओढून बघायला लागले. चार दिवसांनी भर दुपारी घरासमोर एक काळा पिकअप येऊन थांबला. आतून कोणीतरी हात हलवला, अगदी ओळखीचा असल्यासारखा. काका पडद्यामागे सरकले. मग सगळं सांगावंच लागलं.

पोलीस म्हणाले, रस्त्यावर गाडी उभी करणं हा काही गुन्हा नाही. क्युपर्टिनोहून मुलीचा, केयाचा फोन आला, “बाबा, प्लीज, पुढचं भाषण जस्ट कॅन्सल करा ना! नोबडी विल माइंड.”

“करतो कॅन्सल,” काका म्हणाले.

कांचन म्हणाली, “एक विचारू? त्या पोरांना तुम्ही आपले का वाटलात?”

“मी त्यांना आवडेल तेवढंच सांगितलं म्हणून.” काका म्हणाले. “आता नाही गेलो, तर त्यांच्या लेखी मी त्यांचाच राहीन.”

“मग मीही येते. गाडी मी चालवते.”

एप्रिलच्या शनिवारी ते चौघे हजर होते. काकांनी नकाशा लावला, पण बाण काढले नाहीत. त्यांनी थेट त्या हिवाळ्याचं सांगायला सुरुवात केली. एका गावाचं नाव सांगितलं. तिथल्या लोकांना धान्याच्या कोठारात कोंडलं, बाहेरून दाराला फळ्या ठोकल्या. शब्द अडखळत होते, तरी ते थांबले नाहीत.

“खोटं आहे हे!” उंच तरुण उठला. “शत्रूंनी रचलेलं.”

“हुकूम त्याचा होता. मी जर्मनमध्ये वाचलाय.”

“मग आजवर का नाही सांगितलंत?”

“मला तो आवडत होता,” काका म्हणाले. “म्हणून.”

तो तरुण चालत पुढे आला, त्याचा श्वास चेहऱ्याला लागेल इतका जवळ. काकांना वाटलं, संपलं. कांचन खुर्चीतून उठून त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली. तरुणाने दोघांकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, “घराची काळजी घ्या, सर.” चौघेही निघून गेले. ऐकायला नेहमी येणाऱ्या, आर्मीतून रिटायर झालेल्या एका बाईंनी काका-कांचनला गाडीपर्यंत सोडलं.

पुढच्या आठवड्यात घरापुढची पत्रपेटी खांबासकट आडवी केलेली सापडली. कुणी केलं, ते कळलं नाही. घराला कॅमेरे लागले. पिकअप पुन्हा दिसला नाही, पण रस्त्यावर कुठलंही जड इंजिन घरघरलं की काका आजही बोलता बोलता थांबतात. भाषणं त्यांनी सोडली नाहीत. फक्त पुढच्या खिडकीचे पडदे आता दिवसाही ओढलेले असतात. तिथली तुळस उन्हावाचून सुकायला लागली, तेव्हा कांचनने ती उचलून मागच्या लाकडी डेकवर, उन्हात ठेवली.