तिसऱ्या हाकेची वाट

ती घटना आठवली की आजही माझा हात आधी फोनकडे जातो. घरात फोन वाजला आणि कुणी उचलला नाही की मी चिडतो. बायको म्हणते, "अहो, रिटायर झालात, आता तरी वाजू द्या की एखादा." तिला कारण माहीत आहे, तरी म्हणते.

दोन हजारचं दशक संपत आलं होतं आणि मी भिवंडीत सहायक निरीक्षक होतो. यंत्रमागांचं गाव, त्यामुळे आमच्याकडे येणारे निम्मे लोक ओरडूनच बोलत. ते भांडखोर होते असं नाही. आयुष्यभर मागांच्या खडखडाटात उभं राहिलं की माणसाचे कान जातात आणि आवाज चढतो. इंटरनेटवरून वस्तू मागवायचं खूळ तेव्हा नुकतंच गावात शिरलं होतं. सायबर कॅफेत बसायचं, चित्र बघून ऑर्डर द्यायची, बँकेत जाऊन विक्रेत्याच्या खात्यात पैसे भरायचे आणि मग पार्सलवाल्याची वाट बघायची. मला तर हा सगळा आंधळा कारभार वाटायचा.

एका सोमवारी, हिवाळ्याचे दिवस, आमच्या पोलीस ठाण्यात एक तरुण मुलगी वडिलांना घेऊन आली. कामतघरचं कोकणी मुसलमान घर. मुलगी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. वडील जॉबर, म्हणजे मागांची दुरुस्ती करणारे. तीस वर्षं त्याच कामात काढलेली, आणि कान जवळजवळ गेलेले. मुलीने त्यांच्यासाठी ऐकण्याचं मशीन मागवलं होतं. पैसे भरून महिना झाला. मशीन नाही आणि पैसेही परत नाहीत.

"साहेब, फोन केला की कट करतो," ती म्हणाली. "आणि मेल केला की मिनिटात उत्तर येतं. हे बघा."

तिने कागदांची चळत टेबलावर ठेवली. प्रत्येक कागदावर तेच इंग्रजी वाक्य होतं. आपला निरोप मिळाला, आम्ही आपल्या सेवेत सदैव जागे आहोत.

"मग जागे आहेत ना!" मी म्हणालो. वर हसलोही. ते हसू आठवलं की आता लाज वाटते.

"ते मशीनच पाठवतं, साहेब. माणूस नसला तरी उत्तर जातं."

मी तिला समजावलं की ही दिवाणी बाब आहे, ग्राहक मंचात जावं. ती उठेना. येता शुक्रवार सोडून त्याच्या पुढच्या शुक्रवारी तिचा निकाह होता. त्यांच्यात मुलीची परवानगी वडिलांनी विचारायची असते आणि तिचा होकार स्वतःच्या कानांनी ऐकायचा असतो. पैसे परत मिळाले तर कल्याणच्या दुकानातून तसलं मशीन घेता आलं असतं. दुसरे पैसे घरात नव्हते.

"कोणी दुसरा ऐकेल की," मी म्हणालो.

तिने ते वडिलांना सांगितलं नाही. पण ते माझ्या ओठांकडेच बघत होते. लूमवाले ओठ वाचतात हे मी विसरलो होतो. म्हातारा शांतपणे म्हणाला, "एकच पोरगी हाय साहेब. दुसऱ्याने कशाला ऐकायचं?"

मी त्यांना पाठवून दिलं.

गुरुवारी ती पुन्हा आली, या वेळी एकटी. बंदोबस्ताची यादी करायची होती, वरून फोनावर फोन येत होते, माझं डोकं तापलेलं. ती उभ्याउभ्याच म्हणाली, "साहेब, एक वेगळंच झालंय. तो माणूस दोन रिंगमध्ये फोन कट करायचा. काल संध्याकाळपासून कट करत नाही. नुसता वाजतो. संपेपर्यंत वाजतो."

"मग बरंच की! कंटाळला असेल. अर्ज ठेवून जा."

अर्जावर आवक शिक्का बसला आणि अर्ज फायलीत गेला. वीस वर्षांच्या नोकरीत मला लोकांनी किती तरी खोट्या गोष्टी सांगितल्या आणि मी त्यांच्या मागे कोसच्या कोस धावलो. खरी गोष्ट एवढीशी होती. ती समोर ठेवली गेली आणि मी तिच्यावर पेपरवेट ठेवला.

शनिवारी सकाळी ठाणे अंमलदार आत आला. "साहेब, ती मशीनवाली परत आलीय. सोबत म्हातारा पण आहे. म्हणते, आज उठणार नाही."

"धरणं धरलंय का माझ्या नावाने?" मी ओरडलो. पण बाहेर गेलो. बाप-लेक बाकावर बसले होते आणि मुलगी नंबर लावत होती. लावायची, शेवटपर्यंत ऐकायची, पुन्हा लावायची. तिच्या चेहऱ्यावर राग राहिला नव्हता. मला बघून म्हणाली, "साहेब, तीन दिवस झाले. भामटा असता तर फोन बंद करून टाकला असता. नाही तर कधी तरी वैतागून शिवी दिली असती. हा काहीच करत नाही. मला आता भीती वाटते."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पत्ता बघितला तर दापोड्यातल्या एका गोडाऊनचा. हवालदाराला पिटाळलं. हा आमचा हवालदार म्हणजे गड्याचं काळीज दगडाचं, रेल्वे रुळावरची प्रेतं उचलून घरी जाऊन जेवणारा. दुपारी परत आला तेव्हा तोंड उतरलेलं.

"साहेब, गाळा बंद आहे. कुलपाला गंज चढलाय. आजूबाजूचे म्हणतात महिना झाला, शटर वर गेलेलं नाही. पण..."

"पण काय? बोल ना."

"आत तान्हं पोर हसतं म्हणतात. मीही ऐकलं."

शेजारच्या गाळ्यातल्या हमालांनी दोन दिवस माल उतरवायला नकार दिला होता. जागेच्या मालकाने शटरसमोर नारळ-लिंबू ठेवून उतारा केला होता. हवालदाराने तिथल्या वॉचमनला सोबतच आणलं होतं. गावातलाच साठीचा आगरी माणूस. पूर्वी त्याच जमिनीवर भात लावायचा, आता तिथेच खुर्ची टाकून पहारा करायचा. त्याला खुर्ची दिली, चहा मागवला. चौकशीत चहाने जेवढं निघतं तेवढं दमदाटीने निघत नाही, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो.

"बाबा, काय ऐकलंत?"

"पोर हसतंय साहेब. दिवसभर. थांबतंय आन परत हसतंय."

"आणखी?"

बशीतला चहा तसाच धरून बसला. मग हळूच म्हणाला, "हाक मारली कुनीतरी."

"कधी?"

"बेस्तरवारी, दिवे लागताना. आत्तून. अरे, अरे, अशा दोन हाका."

"मग तुम्ही ओ दिली नाही?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी वेड्यासारखं विचारलं होतं. "तिसरी आली न्हाय ना साहेब! मान्साची हाक तीन येला येते. त्याची दोनच येला. तिन्हीसांजेला तिसऱ्या हाकेबिगर वो द्याची न्हाय, माझे आयशीनी सांगितलंय. वो दिली का तो घेऊन जातो. मी कान देऊन बसलू, तिसरीची वाट बगली. आली न्हाय."

"आणि काल?"

"काल पन दोनच. लय बारीक."

भूत मी मानत नाही, पण दोन हाका मारून थांबणारा माणूस मला डोळ्यांसमोर दिसला. हाक मारायची, मग कुणी येतंय का ते ऐकायला थांबायचं, आणि तेवढ्यात दम संपायचा.

स्टेशन डायरीत नोंद केली, दोन पंच घेतले आणि जीपने निघालो. बाप-लेकीलाही घेतलं, कारण तक्रार त्यांचीच होती. पोहोचलो तेव्हा सूर्य खाडीकडे कलला होता. शटरसमोरचं लिंबू सुकलेलं, नारळावर मुंग्या. रस्त्याने कंटेनर जात होते आणि त्यांच्यामागे धुळीचा लोट. लोक जमले, पण पंधरा-वीस पावलं लांब.

मी मुलीला म्हणालो, "लाव नंबर."

तिने लावला. एक क्षण काहीच नाही. मग बंद शटरच्या आतून तान्हं बाळ खुदखुदून हसायला लागलं. दम लागेपर्यंत हसलं, थांबलं, पुन्हा पहिल्यापासून तसंच हसलं. जमलेले लोक आणखी मागे सरले. वॉचमन तर रस्ता ओलांडून पलीकडे गेला.

"रिंगटोन आहे," मुलगी म्हणाली. "साहेब, म्हणजे तीन दिवस मीच ते हसवत होते?"

तिने फोन कापला. हसणं तुटलं.

मी शटर ठोकलं. "आत कोण आहे? पोलीस!" उत्तर नाही. हवालदाराने कान लावला. "काही नाही साहेब. फोन विसरून गेला असेल, चार्जिंगला लावून."

खरं सांगायचं तर मीही तेच म्हणणार होतो. कुलूप तोडायचं तर उद्या त्याचं कारण लिहावं लागतं, आणि बाळ हसलं असं पंचनाम्यात लिहिता येत नाही. मी जीपकडे वळलोसुद्धा.

तेवढ्यात म्हातारा जॉबर पुढे झाला. त्याने कोणाला काही विचारलं नाही. शटरच्या कडेच्या लोखंडी पट्टीवर पंजा सपाट ठेवला, डोळे मिटले आणि उभा राहिला. बिघडलेला माग हे लोक असाच ओळखतात. शंभर माग चालू असताना कानाचा काय उपयोग? हात ठेवायचा, लोखंड स्वतः सांगतं. एक कंटेनर गेला. मला वाटलं, त्याचाच हादरा लागणार हाताला. म्हाताऱ्याने दुसऱ्या हाताने मला थांबायची खूण केली.

"गाडीचा नाय," तो मोठ्याने म्हणाला. त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता, त्यामुळे ते सगळ्या दापोड्याने ऐकलं. "कोई मार रहा हय. दोन मारतो, थांबतो. परत दोन. जिता हय साहेब! तोडा!"

मी हवालदाराच्या हातून सब्बल घेतली आणि कुलूप स्वतःच तोडलं.

आत कार्टनचा आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास. मागच्या बाजूला व्यायामाच्या सायकलींच्या खोक्यांची थप्पी कोसळलेली, आणि तिच्याखाली कमरेपासून खाली अडकलेला माणूस. चाळिशीचा, ओठ फुटलेले, डोळे उघडे. हातात पाण्याची रिकामी बाटली होती आणि ती तो रॅकच्या लोखंडी पायावर आपटत होता. आम्ही समोर उभे राहिलो तरी आपटतच होता. दोन वेळा, मग थांबणं. मी त्याचा हात धरला तेव्हा थांबला. त्याच्यापासून चार हातांवर टेबल होतं आणि टेबलावर चार्जरला लावलेला मोबाईल.

त्याचा जबाब मी तीन दिवसांनी दवाखान्यात घेतला. पाय वाचला नाही, माणूस वाचला. अनेकांचे पैसे घेतले होते आणि माल पाठवला नव्हता. लोक पत्ता शोधत येऊ लागले, म्हणून पठ्ठ्याने शक्कल लढवली. पुढच्या शटरला बाहेरून कुलूप घालायचं आणि खाडीकडच्या मागच्या छोट्या दाराने आत येऊन कडी लावून बसायचं. आत कुणी नाही अशी सगळ्यांची खात्री पटावी, एवढीच त्याची इच्छा. ती त्याने इतकी चोख पुरी केली की स्वतःच तिच्याखाली सापडला. बुधवारी संध्याकाळी खालचं खोकं ओढायला गेला आणि थप्पी आली.

"फोन कोण करतंय कळायचं?" मी विचारलं.

"कळायचं साहेब. एवढ्या वेळा तीच करायची. आधी मला तिचा भयंकर राग यायचा. मग..." तो रडू लागला. "मग मधे दोन-तीन तास वाजला नाही की वाटायचं, तीही गेली. डोळे मिटायला लागायचे. परत वाजला की जाग यायची. ती बंद झाली असती तर मी झोपलो असतो साहेब. झोपलोच असतो."

फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला, आरोपपत्र गेलं, पुढे शिक्षाही झाली. तो कायद्याचा भाग. पण त्याआधीच त्याच्या भावाने त्या मुलीचे पैसे ठाण्यात आणून दिले. निकाहाला दोन दिवस बाकी होते.

लग्नानंतरच्या सोमवारी ती नवऱ्याला घेऊन मिठाई द्यायला आली. वडील होतेच. कानात ते पिटुकलं मशीन, आणि आवाज चक्क खाली आलेला. मी विचारलं, "काय चाचा, ऐकलंत का पोरीचं?"

त्यांच्याऐवजी मुलगीच हसून म्हणाली, "आमच्यात तीनदा विचारतात साहेब. पण अब्बांना पहिल्या वेळीच ऐकू आलं. इतके रडले की पुढचं दोनदा विचारायला मामूंनी त्यांना कोपराने ढोसलं."

सगळे हसले, मीही हसलो. ते गेल्यावर मी फाईल काढली. तिच्या अर्जावर गुरुवारचा शिक्का होता. गुरुवारी सकाळी त्या माणसाची बाटली भरलेली होती, आणि डॉक्टर म्हणाले होते की एक-दोन दिवस आधी आणला असता तर पाय वाचवता आला असता.

त्या वॉचमनला नंतर सगळे हसले, आमच्या ठाण्यातसुद्धा. म्हातारा खुळा, तिसऱ्या हाकेची वाट बघत बसला म्हणून. मी कधी हसलो नाही. त्याला निदान भुताची भीती होती. ती मुलगी सोमवारी आली, गुरुवारी आली. माझे कान चांगले होते, आणि मीही तिसऱ्या हाकेलाच उठलो.