रविवार संध्याकाळचे रिकामे घर

तुमच्या आजोबांचा रक्तदाब मी रोज दोनदा मोजते. मोजला की वहीत एक ओळ: तारीख, सकाळ की संध्याकाळ, आकडा. काही महिन्यांत ती यादी पानोपान लांबली. एकही खाडाखोड नाही, याचा मला अभिमान होता.

डॉक्टर म्हणाले, सकाळचे आकडे बरेचदा चढलेले दिसतात, पुढच्या भेटीत संध्याकाळच्या गोळीचा डोस वाढवू. तोवर सकाळ-संध्याकाळ शेजारी मांडून आणा. मागे डोस वाढवला तेव्हा आजोबा चक्कर येऊन न्हाणीत पडले होते. मला धास्तीच बसली.

बहिणीच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाल्यापासून मी दर रविवारी दुपारी अमरावतीहून अकोल्याला तिच्याकडे जाते आणि सोमवारी सकाळीच परतते. तिची मुलगी संख्याशास्त्र शिकवते. वही मी लॅपटॉपवर टाइप केली होती. नवा तक्ता हाताने आखायला बसले, तर भाचीने थांबवले. आर नावाच्या प्रोग्राममध्ये तिने एकच आज्ञा लिहिली: 'वेळ' या रकान्यातल्या सकाळ आणि संध्याकाळ यांचे दोन वेगळे रकाने कर, त्यांत आकडे भर. लांब यादी अर्धी झाली आणि रुंद झाली. एका दिवसाची एक ओळ.

दर सातव्या ओळीत संध्याकाळच्या घरात 'एनए' होते, म्हणजे नोंद नाही. प्रोग्राम चुकला, असे मी म्हणाले. तो चुकला नव्हता. यादीत मोजलेल्याचीच ओळ असते, न मोजलेल्याला जागाच नसते. म्हणून माझी पाने भरलेली दिसत. प्रत्येक एनएच्या खाली सोमवार होता, आणि चढलेल्या बहुतेक सकाळी सोमवारच्याच होत्या.

भाचीने पडद्यावरून नजर न काढता विचारले, "मावशी, रविवारी तू इथं असतं. मंग मावसाजीले संध्याकाळची गोळी कोन देते?"

घरी येऊन तक्ता दाखवत तोच प्रश्न मी आजोबांना विचारला. त्यांनी पेपरची घडी घातली.

"कॉम्प्युटर चुगल्याबी करते, हे मले मालूम नव्हतं," ते म्हणाले. "तू नसली का राहूनच जाते."

डॉक्टरांनी तक्ता पाहिला आणि डोस आहे तोच ठेवला. आता रविवारी आठ वाजता मी अकोल्याहून फोन करते. "घेऊन राहिलो," असे ते म्हणतात. पाण्याचा घोट ऐकू आल्याशिवाय मी फोन ठेवत नाही.