दार असलेला राक्षस

गोष्ट सांगणं मला कोणी शिकवलं नाही. ते मी ऐकून ऐकून, स्वतःच्या जिवावर शिकलो, आणि त्याचा मला अभिमान आहे. म्हणून सांगतो, माझ्याहून चांगला गोष्टवाला मी एकच पाहिला. तो दुकानात वजनकाटे दुरुस्त करायचा आणि घरी राक्षस बनवायचा.

सगळे त्याला काटेवाला म्हणत. दुकान अरुंद, एका माणसाच्या रुंदीचं. आत काटे उघडे पडलेले असायचे. कोणाची स्प्रिंग बाहेर, कोणाचं पारडं काढून ठेवलेलं. दुरुस्त झालेल्या काट्यावर तो ठरलेलं वजन ठेवायचा आणि श्वास धरून बघायचा. सुई केसभर इकडेतिकडे झाली तरी पुन्हा उघडायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, "अहो, एवढं चालतंय." तो म्हणायचा, "तुम्हाला चालतं. काट्याला चालत नाही."

राक्षसांचंही तसंच होतं. ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कोणी योद्धा, कोणी जादूगार. काय करायचं ते ज्याने त्याने आपल्या पाळीत बोलायचं आणि जमलं की फसलं ते फाशाने ठरवायचं. लढाया जिंकत गेलं की माणसाची लेव्हल वाढते. खेळ वर्षानुवर्षं चालतो.

खालच्या लेव्हलचे राक्षस कोणीही बनवतो. लांडगे सोडा, गुहेत काळोख करा, झालं. खरी पंचाईत वरच्या लेव्हलला. तिथे जादूगार भिंतीतून आरपार जातो, डोळ्याची पापणी लवते तोवर समुद्रापलीकडे पोचतो. खून कोणी केला म्हणावं तर हे सरळ मढ्यालाच विचारतात. अशा लोकांना घाबरवायचं कशाने? बहुतेक लिहिणारे तिथे हात टेकतात. काटेवाल्याने नेमकं तेच काम उचललं. वरच्या लेव्हलची त्याने लिहिलेली साहसं, म्हणजे खेळायच्या गोष्टी, लांबलांबच्या शहरांत लोक खेळत.

तो म्हणायचा, "दात वाढवून राक्षस मोठा होत नाही. त्याला काय हवंय ते आधी ठरव." त्याचे दोन नियम होते. प्रत्येक राक्षसाला एक दार ठेवायचं, म्हणजे त्याला हरवायचा एक तरी रस्ता, आणि त्याची खूण गोष्टीत आधी पेरायची. दुसरा नियम, फासा सगळ्यांसमोर टाकायचा. बाकीचे सांगणारे पुढ्यात पुठ्ठ्याचा आडोसा उभा करतात, त्यामागे काय पडलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. काटेवाल्याच्या टेबलावर आडोसा नव्हता.

त्या टेबलावर मी चोर होतो. काटेवाल्याच्या वहिनी योद्धा होत्या. एरवी झुरळ दिसलं की खुर्चीवर चढणारी बाई, पण तलवार त्यांची. आणि त्याचा थोरला भाऊ, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणायचो, तो जादूगार. तरुणपणी आम्ही सुरुवात केली तीच माणसं घेऊन केस पांढरे होईपर्यंत खेळलो. दादाच्या जादूगाराकडे मंत्रांचा डोंगर साठला होता आणि दादाने कधी कागदात बघितलं नाही. सगळं तोंडपाठ. त्या जादूगाराला सावली नव्हती. पहिल्याच साहसात एका भुयारात, दगडी दाराआड राक्षसाचं एक पोर रडत होतं. मारायचं सोडून दादाने त्याला सोबत म्हणून आपली सावली दिली आणि दार लावून घेतलं. हे तो पुढे जन्मभर मिरवत राहिला.

मग दादा विसरायला लागला. एकाच लढाईत तोच मंत्र पुन्हा म्हणाला. काटेवाल्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पुढे डॉक्टरांनी वहिनींना जे सांगितलं ते त्यांनी आम्हाला स्वयंपाकघरात, नळ सोडून सांगितलं, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. नवं आधी जाईल, जुनं मागून. थांबवता येणार नाही.

त्यानंतर काटेवाल्याचे राक्षस मऊ पडले. ते चुकीच्या वेळी भलतीकडे बघत. आम्हाला कळत होतं, आम्ही गप्प होतो.

दादाला कळणार नाही असं आम्ही धरून चाललो होतो. एका रविवारी दुपारी ड्रॅगन पडला आणि दादा फासा बोटात फिरवत म्हणाला, "काय रे, ह्याला दातांच्या डॉक्टरकडे नेला होतास का?"

"का?"

"चावत नाही."

"फासे पडले तसे पडले, दादा."

"फासे खरे पडले. राक्षस खोटा होता." तो हसत होता, पण डोळे हसत नव्हते. "मी विसरतोय, अजून मेलेलो नाही. सगळं जायच्या आत एकदा खरा आण. हरलो तर माझा मी हरेन. माझ्या वाटचं तू जिंकू नकोस."

काटेवाल्याने मान हलवली. फाशावर हात ठेवून शब्द दिला.

मग तो कामाला बसला. कसं बसला ते मी पाहिलं आहे. उघड्या काट्यांच्या मधोमध कागद. स्वतःशीच दोन्ही बाजूंनी खेळायचा, एका हाताने राक्षसाचा फासा, दुसऱ्याने आमचा. मला म्हणाला, "जुनं अजून शाबूत आहे त्याचं. मग दार जुन्यातच ठेवतो." दाराआडचं ते रडणारं पोर इतकी वर्षं दादाच्या सावलीत वाढलं होतं. आता ते डोंगराएवढं झालं होतं, आणि अंगावर जादूगाराचीच सावली, म्हणून त्याचा एकही मंत्र लागू पडेना. तलवार बोथट, चोरी फुकट. पण दार होतं. जादूगाराने एवढंच म्हणायचं होतं, माझी सावली परत दे. इतका सोपा आणि इतका अवघड राक्षस त्याने आधी केला नव्हता. भीती खरी असावी म्हणून आणखी एक कलम घातलं. वरच्या लेव्हलला मेलेला माणूस परत आणता येतो, पण सावली नसलेला आणता येणार नाही.

"सुई मधोमध आहे," तो म्हणाला. त्या दिवशी तो खुशीत होता.

रविवार आला. खिडकीतून ऊन टेबलावर पडलं होतं. वहिनी संत्री सोलत होत्या. काटेवाल्याने सुरुवात केली, आणि मी चमकलो, कारण ते शब्द मी ओळखत होतो. पहिल्या दिवशीचेच शब्द. तेच भुयार, तेच ओले दगड, दाराच्या फटीतून येणारा तोच गार वारा. दादाला आठवावं म्हणून त्याने एक शब्द बदलला नव्हता.

दादा ताठ बसला. चेहरा दिवा लागल्यासारखा झाला. काटेवाला सांगायच्या आधीच तो सांगू लागला, "पुढे डावीकडे पायऱ्या. तिसरी हलते, चोरा, जपून." वहिनींच्या हातातलं संत्रं तसंच राहिलं. कितीतरी दिवसांत आम्ही दादाला असं पाहिलं नव्हतं. काटेवाला माझ्याकडे बघून गालात हसला.

मग दार फुटलं आणि राक्षस बाहेर आला. काटेवाल्याने तो असा सांगितला की माझ्या अंगावर काटा आला. माझी पाळी फुकट गेली, वहिनींची फुकट गेली.

"दादा, तुझी पाळी. काय करतोस?"

"दिवा लावतो," दादा म्हणाला.

"अहो, दिवा काय," वहिनी म्हणाल्या. "आभाळ फाडायचा मंत्र आहे तुमच्याकडे."

"आजच तर सुरुवात केली आपण. पहिल्याच दिवशी कोण देतंय आभाळ फाडायला? मला एकच येतो, दिव्याचा."

काटेवाल्याचं हसू ओठांवरच राहिलं. एक शब्दही न बदलता त्याने दादाला पहिल्या दिवशी नेऊन बसवलं होतं, आणि समोर उभा केला होता शेवटच्या दिवसाचा राक्षस.

दिवा लागला. राक्षसाने जादूगाराला एकदा फटकारलं. फासा उघड्यावर पडला, जखम मोठी होती. पुन्हा दादाची पाळी आली.

"तो रडतोय ना?" दादाने विचारलं. "त्याला माझी सावली देतो."

"सावली नाहीये तुझ्याकडे, दादा. ती तू दिली आहेस."

"कधी?"

काटेवाला पुढ्यातले कागद चाळू लागला.

दुसऱ्याच्या पाळीत बोलायचं नाही, हा आमच्या टेबलावरचा दादाचाच नियम. राक्षसाच्या अंगावरची सावली कोणाची ते वहिनींनी ओळखलं होतं, त्यांनी तो मोडला. "अहो, परत मागा ना. एवढंच म्हणा, माझी सावली परत दे. एवढं म्हणा फक्त."

दादा दुखावला. "माझी पाळी आहे ना? आणि दिलेलं परत कसं मागायचं? एकटा आहे तो आत."

आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हे विसरण्यामुळे नव्हतं. सगळं डोकं ठिकाणावर असतं तरी ह्या माणसाने हे वाक्य म्हटलं नसतं. त्याचा धाकटा भाऊ त्याच्याच ताटात जेवून मोठा झालेला, त्याला हे ठाऊक असायला हवं होतं. राक्षसाला दार होतं, पण त्यातून दादा जाऊ शकत नव्हता. इतकी वर्षं केसाएवढा फरक पकडणारा माणूस आपल्याच भावाचं वजन करायला चुकला होता.

काटेवाल्याने फासा उचलला आणि मुठीत धरून बसला. एक राक्षस तेवढा भलतीकडे बघायला हवा होता. पण आडोसा नव्हता आणि शब्द दिलेला होता.

"टाक की रे," दादा म्हणाला. "उबवतोयस का अंडं?"

त्याने टाकला. फासा संत्र्याच्या सालीला लागून थांबला. आम्ही सगळ्यांनी बघितला.

"माझ्याकडे अंगठी आहे," मी म्हणालो. "मेलेल्याला परत आणायची." मला कलम माहीत होतं. तरी म्हणालो. काटेवाल्याने खाली बघतच मान हलवली, नाही म्हणून.

"मेला?" दादाने विचारलं.

"मेला."

दादाने तो फासा उचलून बोटात फिरवला. "राक्षस खरा होता पण," तो म्हणाला. "दात होते ह्याला." मग वहिनींपुढची एक फोड उचलून तोंडात टाकली, कोरा कागद ओढला आणि नवा माणूस लिहायला घेतला. जादूगार. लेव्हल पहिली. मंत्र एक, दिव्याचा. वहिनी उठून आत गेल्या. नळ सुटल्याचा आवाज आला.

"पुढच्या वेळी कुठे जायचं?" दादाने विचारलं.

"तळघरात," काटेवाला म्हणाला. आवाज त्याचा नव्हता. "उंदीर झालेत."

"चालेल. पण मऊ ठेवू नकोस हं."

त्या आठवड्यात मी दुकानावरून जात होतो. दारात गिऱ्हाईक ताटकळत होतं, काटा उघडा पडला होता. काटेवाला कागद घेऊन बसला होता. डोंगराएवढे राक्षस तोलून देणारा माणूस, आणि समोर एक ओळ लिहून खोडलेली, पुन्हा लिहून पुन्हा खोडलेली.

"काय अडलंय?" मी विचारलं.

"उंदराने किती जोरात चावावं?" तो म्हणाला. "तू सांग. मला ठरवता येत नाहीये."