गुळणीचाचा

ईदच्या दिवशी आमच्या गल्लीतली सगळी पोरं शिरखुर्मा प्यायला एकाच घरी जमत, आणि वाटी रिकामी झाली रे झाली की त्या घरचे चाचा त्यांना ओळीने नळाकडे पिटाळत असत. हातात तांब्या, पायजमा वर खोचलेला आणि तोंडी एकच हुकूम, "गुळणी कर." नव्या कपड्यांवर पाणी सांडलं म्हणून आया कुरकुरत. चाचांना त्याचं काही नसे, कारण ते कपडे त्यांनीच शिवलेले असत. वाशीमच्या त्या गल्लीत त्यांचं शिलाईचं दुकान होतं आणि त्याला लागूनच आमचं घर. पोरं त्यांना गुळणीचाचाच म्हणायची.

माप द्यायला आलेल्या पोराच्या हातावर गोळी-चॉकलेट ठेवायचं, हा आपल्याकडचा रिवाज. चाचा ठेवत काकडीची फोड, पेरू, नाहीतर उकडलेलं अंडं. फुटाणे फक्त मोठ्या पोरांना. लहानग्यांच्या घशात अडकतील म्हणून त्यांना पिकली पपई. प्यायला माठातलं पाणी. माझ्या मुलाने, ओमने, पहिल्या दिवशी पेरू पाहून तोंड वाकडं केलं. पुढे तो मागून खायला लागला, पण त्यात चाचांच्या तिखट-मिठाचा वाटा मोठा होता.

गोडाशी त्यांचं वैर नव्हतं. जिलेबीवर तर त्यांचा फार जीव. "गोड जेवनासंगं खा न, कोन नाही म्हन्ते? दिवसभर चघळत काहून राह्यता?" असं ते म्हणत. बिस्किटांचे पुडे घेऊन येणाऱ्या पाहुण्यांशीही वाद घालत. मला हा माणूस जरा अतीच वाटायचा.

त्यामागचं कारण एकदा चाचींनी सांगितलं. लेकीचं दुसरं बाळंतपण अवघड गेलं, म्हणून तिची थोरली, झोया, तान्हेपण संपता संपता आजोळी, नाना-नानींकडे आली. आईसाठी रडायची. चाचा बाटलीत साखरेचं दूध भरत, अंगात ताकद यावी म्हणून त्यात बिस्किटं कुस्करत, आणि बाटली तोंडात ठेवूनच पोर झोपी जाई. असं लाडानं कितीतरी घरी चालतं. तिचे वरचे समोरचे दात काळे पडले तेव्हा, दुधाचेच तर आहेत, पडतील, असं सगळे म्हणाले. मग दुखण्यापायी ती जेवेनाशी झाली आणि अकोल्याच्या डॉक्टरांना ते दात काढावे लागले. मागचे तरी जपा, असं त्यांनी बजावलं.

तेव्हापासून झोया तोंडावर हात धरून हसू लागली. चाचांनी दुधातली साखर थोडी थोडी कमी केली, मग बंद केली. बाटली जाऊन कप आला, आणि रात्री दात घासल्यावर प्यायला नुसतं पाणी. पोर त्यांच्याशी बोलेना. जेवण सोडून बसली की मलाच राहवत नसे. एकदा मी म्हटलं, चाचा, द्या एखादं बिस्किट, इतकं काय होतंय? त्यांनी मशीन थांबवलं. "ताई, माह्याच हातानं तिचे दात गेले. आता तिचा रुसवा बी मलेच झेलू द्या."

रुसवा हळूहळू निवळला. मागचे दात शाबूत राहिले. ती शाळेच्या वयाची झाली तेव्हा बाप तिला नांदेडला घेऊन गेला. त्यानंतर चाचा बरेच दिवस दुकान उशिरा उघडत होते. त्यांच्याजवळ बटनांचा साधा फोन होता. त्यावरून ते दर जुम्म्याला झोयाला विचारत, नवे दात आले का? तिकडून नाही असं उत्तर यायचं. मग आमच्या ओट्यावर बसून ते मला विचारत, इतके दिवस लागतात का हो? मूळच खराब झालं असंल का? मी धीर द्यायची. त्यांना तो पटत नसे.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्ट्या लागायच्या आधीच चाचा गेले. दुपारी जरा पडले, ते उठलेच नाहीत.

झोया आईबापाबरोबर आली. घर बायांनी भरलेलं. ती माझ्याजवळ येऊन बसली आणि हमसून रडू लागली. वरचे दोन नवे दात मला दिसले, रुंद, पांढरेशुभ्र, पुरते आलेले. केव्हा आले गं, असं माझ्या तोंडून निघून गेलं.

"लय दिवस झाले," ती म्हणाली. "फोनवर मी खोटंच सांगत होती. सुट्टीत येऊन नानाले दाखवाचे होते."